तेवीस वर्षांची अट, जाकार्ताचं सोनं आणि तासगावचा लेफ्ट बॅक

तासगावजवळच्या एका वडिलांनी तीन प्रश्न विचारलेत. द्राक्षबाग आहे, मुलगा पंधरा वर्षांचा, जन्म नोव्हेंबर २०१०चा, शाळेच्या संघात लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, म्हणून खेळतो. पहिला प्रश्न असा, की पॅरिस ऑलिंपिकचा फुटबॉल बापलेकांनी मिळून बघितला, पण ओळखीचे मोठे खेळाडू जवळजवळ दिसलेच नाहीत, असं का? दुसरा प्रश्न आजोबांमुळे पडलाय. ते सांगतात की भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला होता आणि आशियाई स्पर्धेत सोनं जिंकला होता. खरं असेल तर मग आता गाडी कुठे अडली? तिसरा प्रश्न त्यांच्याच शब्दांत देतो: "एक जण म्हणतो, जन्मसाल दोन वर्षं पुढचं करून घ्या, निवड पक्की. करावं का?"

मी गेली २८ वर्षं सांगली-मिरजेत पोरांना फुटबॉल शिकवतो. त्याआधी स्वतः खेळलो, काही वर्षं पंच म्हणून शिट्टीही धरली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं: नाही. पण नुसतं नाही म्हणून सोडून दिलं, तर उद्या आणखी कुणीतरी येऊन तुम्हाला तेच पुन्हा पटवून देईल. म्हणून आधीचे दोन प्रश्न नीट बघू. तिन्ही प्रश्न शेवटी वयापाशीच येतात.

ऑलिंपिकला पुरुषांचा फुटबॉल संघ २३ वर्षांखालचा असतो. त्यापेक्षा मोठे फक्त तीन खेळाडू घेता येतात. महिलांच्या फुटबॉलला ही अट नाही, तिथे प्रत्येक देश आपला पहिला संघ उतरवतो. वय मोजायची पद्धतही समजून घ्या, कारण पुढे ती लागणार आहे. सामन्याच्या दिवशी किती वर्षं पूर्ण झाली हे बघत नाहीत, १ जानेवारीची रेघ ठरलेली असते. पॅरिसला १ जानेवारी २००१ किंवा त्यानंतर जन्मलेला चालत होता. आदल्या दिवशी, ३१ डिसेंबर २००० ला जन्मलेला पोरगा बाहेर. टोकियोची स्पर्धा कोरोनामुळे वर्षभर पुढे गेली, पण १ जानेवारी १९९७ ही रेघ मात्र हलवली नाही. म्हणून तेवढ्या एका वेळी २४ वर्षांचे खेळाडू दिसले.

अट का आली? १९०८च्या लंडन ऑलिंपिकपासून देशांचे संघ फुटबॉल खेळू लागले तेव्हा वर्ल्ड कप नव्हताच. १९२४ आणि १९२८चं सुवर्ण उरुग्वेने घेतलं, आणि त्या काळात तेच जगज्जेतेपद मानलं गेलं. उरुग्वेच्या जर्सीवर चार तारे असतात, त्यातले दोन या ऑलिंपिकचे आहेत. १९३० मध्ये फिफाने, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेने, स्वतःचा वर्ल्ड कप सुरू केला, आणि १९३२च्या लॉस एंजेलिसला तर फुटबॉल ठेवलाच नाही. पुढे ऑलिंपिकला फक्त हौशी खेळाडू चालतील, पैसे घेऊन खेळणारे नाहीत, हा नियम राहिला. पश्चिम युरोप आणि दक्षिण अमेरिकेतले चांगले खेळाडू त्यामुळे बाहेर पडले. पूर्व युरोपातले देश मात्र आपल्या पहिल्या फळीतल्या खेळाडूंना कागदोपत्री सैन्यात किंवा कारखान्यात नोकरीला दाखवत आणि हौशी म्हणून पाठवत. १९५२ ते १९८० या काळातलं एकूण एक सुवर्ण पूर्व युरोपात गेलं, त्याचं कारण हे आहे.

१९८४ला व्यावसायिकांना दार उघडलं, पण युरोप आणि दक्षिण अमेरिकेचे वर्ल्ड कप खेळलेले खेळाडू चालणार नव्हते. १९९२च्या बार्सिलोनापासून २३ वर्षांची अट आली आणि १९९६च्या अटलांटापासून तीन मोठ्या खेळाडूंची सवलत. ही सरळसरळ तडजोड आहे. ऑलिंपिकवाल्यांना नावाजलेले खेळाडू हवे होते आणि फिफाला वर्ल्ड कपच्या तोडीची दुसरी स्पर्धा नको होती.

आणखी एक गोष्ट टीव्हीवर कुणी समजावून सांगत नाही. पुरुषांच्या ऑलिंपिक फुटबॉलसाठी खेळाडू सोडण्याचं बंधन क्लबवर नाही. २००८ मध्ये बार्सिलोना क्लबने मेस्सीसाठी क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि लवादाने निकाल क्लबच्या बाजूने दिला. तरीही क्लबने त्याला जाऊ दिलं, अर्जेंटिनाने बीजिंगला सुवर्ण घेतलं. एम्बाप्पेचं पॅरिस हे स्वतःचं गाव, पण नव्या क्लबने सोडलं नाही आणि घरच्या ऑलिंपिकला तो नव्हता. तुम्हाला ओळखीचे चेहरे का दिसले नाहीत, ते यात आलं.

पण न ओळखता बघितलेल्या या स्पर्धेत शिकण्यासारखं फार आहे, आणि ते तुमच्या लेफ्ट बॅकच्या कामाचं आहे. वर्ल्ड कपला आता २६ खेळाडू नेता येतात. ऑलिंपिकला १८. त्यातले दोन गोलरक्षक धरले तर मैदानातल्या दहा जागांसाठी सोळा जण उरतात. पॅरिसला पहिला सामना २४ जुलैला होता आणि अंतिम सामना ९ ऑगस्टला. १७ दिवसांत सहा सामने, दोन सामन्यांमध्ये बहुतेक वेळा दोनच मोकळे दिवस, आणि सामने सात शहरांत विखुरलेले. एकाचं स्नायूचं दुखणं निघालं, दुसऱ्याला दोन पिवळी कार्डं मिळाली की मार्गदर्शकाच्या हातात चौदा जण राहतात. अशा ठिकाणी निवड करताना कोण सर्वांत भारी, हा प्रश्न मागे पडतो आणि कोण दोन-तीन जागांवर उभा राहू शकतो, हे आधी बघावं लागतं.

हे मी स्वतः शिकलोय. एका वर्षी विभागीय स्पर्धेला कोल्हापूरला सोळा पोरं घेऊन गेलो होतो. दोन दिवसांत तीन सामने. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही विंग बॅकच्या, म्हणजे कडेने वर-खाली धावणाऱ्या बचावपटूंच्या, पोटऱ्यांना गोळे आलेले, आणि माझ्याकडे त्या जागेवर कधी उभा राहिलेला एकच पोरगा शिल्लक होता. तो मूळचा मध्यरक्षक. वर्षभर सरावात मी त्याला गंमत म्हणून प्रत्येक जागेवर खेळवलं होतं, आणि त्या दिवशी पूर्ण सामना त्यानेच तारून नेला. तेव्हापासून माझ्याकडचं प्रत्येक पोर दोन जागा शिकतंच. तुमचा मुलगा लेफ्ट बॅक आहे तर त्याला डाव्या बाजूच्या मध्यफळीत आणि गरज पडली तर सेंटर बॅकला, म्हणजे बचावाच्या मधोमध, उभं राहता आलं पाहिजे. पॅरिसची फायनल आठवा. स्पेन ३-१ ने पुढे होतं, फ्रान्सने ३-३ केलं, आणि जादा वेळेत बदली आलेल्या सर्हियो कामेयोने दोन गोल करून सामना ५-३ केला. अठरा जणांच्या संघात बाकावरचा पोरगासुद्धा बाकावरचा म्हणून वाढवलेला चालत नाही. त्याच स्पेनचे फर्मिन लोपेझ आणि आलेक्स बाएना हे दोघं जेमतेम महिनाभरापूर्वी मोठ्या संघाबरोबर युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, जिंकून आले होते. एकवीस आणि तेवीस वर्षांची पोरं, पण मोठ्यांच्या सामन्यांत मुरलेली. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी परत तिथे येणार आहे.

आशियाई स्पर्धेतही २००२च्या बुसानपासून हीच पद्धत आहे, २३ वर्षांखालचे खेळाडू आणि तीन मोठे. तिथे सगळ्यात जिवावर उदार होऊन कोण खेळतं? दक्षिण कोरिया. तिथल्या प्रत्येक तरुणाला दीड वर्षाच्या आसपास सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. आशियाई सुवर्ण किंवा ऑलिंपिकचं कुठलंही पदक मिळालं, तर ती जवळजवळ माफ होऊन काही आठवड्यांच्या मूळ प्रशिक्षणावर भागतं. २०१८ला जाकार्ता-पालेमबांगमध्ये सॉन ह्युंग-मिन २६ वर्षांचा, इंग्लंडमधला मोठा खेळाडू, मोठ्यांच्या तीन जागांपैकी एका जागेवर आला तो यासाठीच. क्लबने त्याला सोडलं, कारण तो दीड वर्ष लष्करात गेला असता तर क्लबचंच जास्त नुकसान होतं. जपानविरुद्धची फायनल जादा वेळेत २-१ अशी जिंकली. २०१४, २०१८ आणि २०२३ला चीनमधल्या हांगचौला, अशी सलग तीन सुवर्णं कोरियाने घेतली आहेत. आपल्याकडे दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण यांच्यासाठी पालक प्रमाणपत्रामागे धावतात, तशीच ही ओढ समजा. फरक इतकाच, की कोरियात प्रमाणपत्र मिळवायला आशिया जिंकावा लागतो.

आता आजोबांचं बोलणं. ते अगदी खरं सांगतात, आणि सांगली जिल्ह्यात तर ते जास्तच अभिमानाने सांगायला हवं.

१९६२ची जाकार्ता आशियाई स्पर्धा आपल्याकडे कुस्तीमुळे माहीत आहे. कवठे पिरानचे मारुती माने तिथून सुवर्ण आणि रौप्य घेऊन आले. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर, त्यांनीही एक सुवर्ण आणि एक रौप्य आणलं. एका जिल्ह्यातले दोन मल्ल आणि चार पदकं. पण त्याच स्पर्धेत भारताच्या फुटबॉल संघानेही सोनं जिंकलं, हे माझ्याकडे येणाऱ्या दहा पोरांना विचारलं तर एखाद्यालाच ठाऊक असतं. मला याचं फार वाईट वाटतं.

ती गोष्ट थोडक्यात सांगतो. मार्गदर्शक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, मूळ पेशाने शिक्षक. गटातला पहिला सामना कोरियाविरुद्ध ०-२ असा हरलो. मग थायलंडला ४-१, जपानला २-० असं हरवलं. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. तो पुन्हा बचावात खेळला तर प्रत्येक उंच चेंडू डोक्यावर घ्यावा लागणार. रहीमसाहेबांनी त्याला चक्क आघाडीवर खेळवलं. उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामविरुद्ध ३-२ अशा विजयात त्याने गोल केला, आणि ४ सप्टेंबरच्या फायनलमध्ये त्याच कोरियाविरुद्ध पी. के. बॅनर्जीचा एक आणि जर्नेलचा एक असे पूर्वार्धातच दोन गोल झाले. कोरियाने शेवटी शेवटी एक फेडला, २-१. स्टेडियम खचाखच भरलेलं आणि जवळजवळ सगळं भारताच्या विरोधात. यजमानांनी इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं, त्यावर भारताच्या गुरुदत्त सोंधींनी जाहीर आक्षेप घेतला होता, त्याचा राग आपल्या खेळाडूंवर निघत होता. रहीमसाहेबांना कर्करोग झालेला होता. पुढच्या जूनमध्ये ते गेले.

याआधी १९५१ला दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत मेवालालच्या गोलवर इराणला १-० हरवून आपण सुवर्ण घेतलं होतं. आणि १९५६ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे आलो होतो. त्या मेलबर्नबद्दल मात्र पोरांना पुरतं सांगावं असं मला वाटतं, अर्धवट अभिमान टिकत नाही. १६ संघ ठरलेले होते, आले ११. पहिल्या फेरीत हंगेरी आलं नाही आणि आपल्याला पुढे चाल मिळाली. पण ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच देशात ४-२ हरवलं ते खेळूनच, आणि त्यात मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल आपलाच होता, नेव्हिलचाच. मग चार खाल्ले. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० हरवलं. चारच वर्षांपूर्वी, हेलसिंकीला, याच युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं होतं. शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक आणलं ते हेच हेलसिंकी. तिथे आपले बरेच फुटबॉलपटू अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले, आणि चार वर्षांत संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला.

हा संघ आला कुठून? आजोबांना विचारा, ते बहुधा म्हणतील की तेव्हाची माणसंच वेगळी. मी तसं मानत नाही. मी त्या खेळाडूंचं वय आणि त्यांनी खेळलेल्या स्पर्धा बघतो. पी. के. बॅनर्जी १५व्या वर्षी बिहारकडून संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, खेळले. तुमच्या मुलाचं आजचं वय. चुनी गोस्वामी, जाकार्ताचे कर्णधार, १६व्या वर्षी मोहन बागानच्या पहिल्या संघात होते. रहीमसाहेबांच्या हाताखालच्या हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ मुंबईचा रोव्हर्स कप सलग पाच वेळा जिंकला. कलकत्त्याची लीग, ड्युरंड, शील्ड, रोव्हर्स, संतोष. पोरं विशीच्या आत मोठ्या माणसांबरोबर धक्के खात खेळत होती, वर्षभर. शिवाय हौशीचा नियम होता, म्हणून समोर पश्चिम युरोपचे व्यावसायिक नव्हते. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या की चौथा क्रमांक चमत्कार राहत नाही. तो कमावलेला होता, आणि त्या वेळच्या नियमाची थोडी साथही होती.

पुढे बाकीचे हलले आणि आपण होतो तिथेच राहिलो. १९७०ला बँकॉकमध्ये जपानला १-० हरवून आपण कांस्य घेतलं. हे आपलं आशियाई फुटबॉलमधलं शेवटचं पदक. त्याच जपानने दोन वर्षांपूर्वी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलेलं होतं, तरी ते स्वस्थ बसले नाहीत. १९९३ला त्यांनी व्यावसायिक लीग सुरू केली आणि प्रत्येक क्लबला स्वतःचे कुमार संघ ठेवायला लावले. वयाची अट आली तेव्हा जपान-कोरियाकडे १७ ते २३ची पोरं रांगेत उभी होती. आपल्याकडे तीच रांग सगळ्यात विरळ. ऑलिंपिकसाठी आशियातून जायचा रस्ता आता २३ वर्षांखालच्या आशियाई चषकातून जातो, आणि त्या चषकाच्या मुख्य फेरीत भारत आजवर एकदाही पोचलेला नाही. २०२८च्या लॉस एंजेलिसला तर पुरुषांचे संघ १६ वरून १२ केलेत, म्हणजे दार आणखी अरुंद.

हांगचौ आशियाई स्पर्धेतला आपला पहिला सामना मी पोरांना दोनदा दाखवला आहे. २०१८ला क्रमवारीचं कारण देऊन फुटबॉल संघ पाठवलाच नव्हता. हांगचौच्या वेळीही आधी नकार, मग परवानगी. आपली लीग त्याच आठवड्यात सुरू होत होती, क्लब खेळाडू सोडायला तयार नव्हते. संघ जमवाजमव करून आदल्या दिवशी संध्याकाळी चीनमध्ये पोचला, काही जण तर मागाहून आले. १९ सप्टेंबर २०२३ला यजमान चीनशी सामना. गोलरक्षक गुरमीतने पेनल्टी अडवली, राहुल के. पी.ने अवघड कोनातून मारून बरोबरी साधली. मध्यंतराला १-१. आणि नंतरच्या ४५ मिनिटांत चार गोल बसले, १-५. पोरांना मी विचारतो, मध्यंतरात काय बदललं? डावपेच, कौशल्य हे सगळं होतं तेच. पाय संपले. प्रवासाने थोडे संपले, आणि या दर्जाचे ९० मिनिटांचे सामने वर्षात मोजकेच मिळत असल्याने जास्त संपले. तरीही हा संघ बांगलादेशला हरवून आणि म्यानमारशी बरोबरी करून बाद फेरीत गेला. तिथे सौदी अरेबियाने ०-२ हरवलं. बांगलादेश आणि म्यानमारविरुद्धचे दोन्ही गोल सुनील छेत्रीच्या पेनल्टीचे होते. तो तेव्हा ३९ वर्षांचा होता. तरुण पोरांच्या संघाचा भार ३९ वर्षांचा माणूस उचलतो, यातच आपलं दुखणं दिसतं.

आता जन्मतारीख.

तुम्हाला जो कोणी सांगतोय त्याचं गणित बघू. मुलगा २०१०चा. कागदावर २०१२ केला तर जिल्ह्याला, फार तर विभागाला तो लहान गटात दांडगा दिसेल. आता वर चला. ही अट अशीच राहिली तर २०३०च्या दोहा आशियाई स्पर्धेची रेघ १ जानेवारी २००७, २०३२च्या ब्रिस्बेन ऑलिंपिकची १ जानेवारी २००९. खऱ्या तारखेनेही तो दोन्हीकडे बसतो. ब्रिस्बेनला २१ वर्षांचा असेल, ऐन वय. २०३४च्या रियाधला मात्र खऱ्या तारखेने तो दीड-दोन महिन्यांनी बाहेर राहील, हेही लपवत नाही. पण तोवर तो त्या लायकीचा झाला असेल तर तीन मोठ्यांत जाईल, आणि नसेल झाला तर कागदाने होणार नाही.

साधारण १५ वर्षांपूर्वी माझ्याकडे एक स्ट्रायकर पोरगा होता. वडिलांनी मला न विचारता दोन वर्षं कमी करून आणली. मला कळलं तेव्हा मी बोललो, पण ठामपणे थांबवलं नाही, संघाची स्पर्धा तोंडावर होती. ती चूक माझी. दोन वर्षं तो लहान पोरांच्या अंगावरून धावत गोल करत राहिला. धावून भागत होतं म्हणून पहिला स्पर्श शिकला नाही, मागून कोणी अंगावर आलं तर चेंडू कसा झाकायचा हे शिकला नाही. मग एका निवड शिबिरात मनगटाचा एक्स-रे काढला आणि त्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. मनगटातली हाडं वयाबरोबर सांधत जातात, ती कागद वाचत नाहीत. आशियाई आणि फिफाच्या १७ वर्षांखालच्या स्पर्धांत तर मनगटाचा एमआरआय काढतात. पोरगा सोळाव्या वर्षी मैदानातून गेला तो गेलाच. आज भेटतो, बोलतो, पण फुटबॉलचा विषय निघाला की गप्प होतो.

आपल्या आधीच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जून असायचा, गुरुजींनी नाव दाखल करताना लिहून टाकलेला. त्यात कुणाची लबाडी नव्हती, घरात नोंदच नसायची. आता जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला, पासपोर्ट या सगळ्यांवर तारीख जुळावी लागते. एक बदललं की बाकीची बदलत जावी लागतात, आणि बाहेरदेशी जायची वेळ आलीच तर गाडी नेमकी तिथे अडते.

नोव्हेंबरच्या जन्माची अडचण खरी आहे, ती मी मान्य करतो. रेघ १ जानेवारीची असल्याने तुमचा मुलगा त्याच्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठ्या पोरांशी एकाच गटात खेळतो. बाराव्या-तेराव्या वर्षी दहा महिने म्हणजे चार बोटं उंची. जगभर कुमार संघांत जानेवारी ते मार्चमधल्या जन्माची पोरं जास्त भरलेली दिसतात, कारण निवडणारा दांडगेपणाला गुण समजतो. पण विशीत हा फरक राहत नाही. उलट अंगाने लहान असताना जो मोठ्यांत टिकला, त्याची नजर आणि पाय दोन्ही आधी तयार झालेले असतात. त्याला लहान गटात ढकलू नका. झेपेल तसं मोठ्यांत खेळवा.

तुम्ही बागायतदार आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. घड दिसतो ऑक्टोबर छाटणीनंतर, पण काडीत तो ठरतो एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या दिवसांत. तेव्हा ऊन, पाणी, खत चुकलं तर ऑक्टोबरला कितीही औषधं मारा, वांझ काडीला घड येत नाही. फुटबॉलपटूची घडनिर्मिती १५ ते १९मध्ये होते. त्या काळात त्याला मिळणारं ऊन म्हणजे खरे सामने.

आणि तेच आपल्याकडे नाहीत. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. जिल्ह्याला पहिल्याच फेरीत हरलात तर वर्षाचा हंगाम एका सामन्यात संपला, तोही पूर्ण ९० मिनिटांचा नाही. माझ्याकडे एक वही आहे, त्यात मी प्रत्येक पोराची सामन्यातली मिनिटं लिहितो. गोल लिहीत नाही. चांगल्या शाळेच्या संघातलं पोरसुद्धा, बाहेर कुठे खेळलं नाही तर, वर्षाला पाच-सहा सामन्यांच्या वर जात नाही. माझ्या मते १६ ते १९च्या पोराला वर्षाला किमान ३० पूर्ण सामने हवेत. जेवढे जमतील तेवढे मोठ्या माणसांविरुद्ध.

त्यासाठी लांब जायला नको. ५० किलोमीटरवर कोल्हापूर आहे. शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे संघ लीग खेळतात, प्रेक्षक रागावतात, ओरडतात, पोराला दबाव म्हणजे काय ते कळतं. याच कोल्हापुरातून अनिकेत जाधव २०१७चा १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला. आपल्याकडे रविवारचे मैत्रीपूर्ण सामनेही कमी लेखू नका. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीची चाचणी द्यायची असेल तर द्या, खऱ्या तारखेने.

दहावीचं वर्ष येतंय, म्हणून मैदान बंद करायचा विचार असेल तर तो सोडा. आठवड्यातले तीन दिवस पुरतात. माझ्याकडची जी पोरं दहावीला पूर्ण थांबली, त्यातली निम्मी परत आली नाहीत, आणि आली त्यांना जुना श्वास मिळवायला अकरावी गेली.

मुलगा मूळ डाव्या पायाचा आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर त्याला कुठेही मागणी राहील, डाव्या पायाचे बॅक फार कमी मिळतात. नसेल तर आत्तापासून रोज भिंतीवर शंभर पास डाव्या पायाने. रविवारी सकाळी सातला माझी सतरा-अठराची पोरं मिरजेच्या मोठ्यांच्या संघाशी खेळतात. त्याला घेऊन या, एक अर्ध नक्की खेळवतो. येताना मूळ जन्मदाखला बरोबर आणा. झेरॉक्स नको.